उन्हाळी खगोल-प्रकल्प: संशोधन की फुकटची हमाली?

स्पंदक: काल 'ढगाळ' यांनी लिहिलं, "पदवीच्या पोरांचे उन्हाळी खगोल-संशोधन प्रकल्प म्हणजे फार्स. दहा आठवडे पायथॉनमध्ये कोड बडवायचा, दुर्बिणीला डोळाही लागत नाही, शेवटी एक पोस्टर. बंद करा." दोन ओळींत उत्तर देणार होतो, जमलं नाही.

दुर्बिणीला डोळा लावून संशोधन करणारे उरलेत कितीसे? माझ्या प्रकल्पात केप्लर या अवकाश दुर्बिणीचा के-२ मोहिमेतला डेटा होता. दुसऱ्याच आठवड्यात मला दर सहा तासांनी मंदावणारा तारा सापडला. रात्रभर झोप नाही, मनातल्या मनात बारसंही उरकलं. मार्गदर्शक बाईंनी आलेख पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "शेजारचा तारा बघ." तोही सहा तासांचा. त्याच्या शेजारचाही! यानाची दिशा स्थिर ठेवणाऱ्या चारपैकी दोन चाकं निकामी झालेली, त्यामुळे साधारण सहा तासांनी थ्रस्टर (छोटी इंजिनं) उडवून ते सरळ करावं लागायचं. त्याचेच दाते माझ्या लाइट कर्व्हवर, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखावर. ही फजिती पुस्तकातून शिकता येत नाही.

ढगाळ: छान. तुम्हाला बाई तरी होत्या. माझे सर पहिल्या आठवड्यात परिषदेला गेले ते सातव्यात उगवले. तोवर त्यांचा पीएचडीवाला रोज एक फोल्डर पाठवायचा, 'फोटोंवरचे कॉस्मिक रेंचे (अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांचे) ठिपके पुसून टाक'. चारशे फ्रेम साफ केल्या. पेपर आला, त्यात माझं नाव आभारातही नाही.

उल्का: मग सात आठवडे गप्प का बसलात?

ढगाळ: ज्यांच्याकडून शिफारसपत्र हवंय त्यांच्याशी विसाव्या वर्षी भांडायचं? बोलायला काय जातं!

उल्का: चिडू नका. पण जुना डेटा चाळणं म्हणजे हमाली, हे अजिबात मान्य नाही. डेव्हिड नार्केविक पदवीचाच विद्यार्थी होता. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या २००१ च्या नोंदी चाळताना त्याला पाच मिलिसेकंदांहून छोटा स्फोट दिसला. २००७ मध्ये पेपर आला आणि फास्ट रेडिओ बर्स्ट (अवकाशातून येणारे क्षणिक रेडिओ स्फोट) हा विषयच उभा राहिला.

खवचट: आणि त्या स्फोटाला म्हणतात 'लोरिमर बर्स्ट'. मार्गदर्शकाचं नाव. ढगाळ, तुमचा मुद्दा सिद्ध.

उल्का: पेपरवर नार्केविकचंही नाव आहे!

खवचट: अवांतर: पार्क्सचे ते स्फोट मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले होते ना?

उल्का: अर्धवट वाचून काड्या टाकू नका. मायक्रोवेव्हचे होते ते 'पेरिटॉन'. भट्टी थांबायच्या आत कोणीतरी दार उघडायचं आणि दुर्बिणीत स्पंद उमटायचा. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी तसं दार उघडून खात्री केली. दुर्बीण एकाच वेळी आकाशाचे तेरा तुकडे बघायची, त्यांना बीम म्हणतात. पेरिटॉन तेराही बीममध्ये दिसायचे, लोरिमरचा स्फोट तिनांतच, म्हणजे आकाशातल्या एकाच दिशेने आलेला. आकाशातली गोष्ट आणि स्वयंपाकघरातली, हा फरक त्यातून कळतो.

खवचट: दार उघडणारा नक्की उन्हाळी विद्यार्थी असणार. सर परिषदेला गेलेले.

स्पंदक: धागा मायक्रोवेव्हमध्ये गेला. पण पेरिटॉन काय, माझे सहा तास काय, स्वतःच्या डेटावर संशय घेणं हीच खरी शिकवणी.

ढगाळ: संशय घ्यायला शिकवणारं माणूस खोलीत लागतं, साहेब. बरं, 'बंद करा' मागे घेतो. 'मार्गदर्शक हजर असेल तरच चालू ठेवा' असं वाचा. निम्मे आपोआप बंद पडतील.

उल्का: हे आधीच लिहिलं असतं तर माझी संध्याकाळ वाचली असती.

खवचट: ढगाळ, त्या चारशे फ्रेममध्ये काहीच सापडलं नाही?

ढगाळ: सापडला ना, एक लघुग्रह. तीन फ्रेममध्ये थोडा थोडा सरकलेला. आधीच नोंदलेला निघाला. तो एक दिवस बरा गेला, हे कबूल.