मरायला टेकलेली व्हायोलेटा एवढी खणखणीत कशी गाते?

काल 'ला त्राव्हियाता' पाहिलं. जुनाच प्रयोग, तोच नेपथ्यासकट पुन्हा उभा केलेला. माझा पहिलाच ऑपेरा. दोन अंक रमलो. तिसऱ्यात मात्र क्षयाने अंथरुणाला खिळलेली नायिका व्हायोलेटा भरदार आवाजात गायला लागली आणि मला हसू आवरेना. शेजारी बायको डोळे पुसत होती. अजून बोलत नाहीये. माझं काय निसटलं?

प्रतिसाद १
एकटे नाही आहात. ६ मार्च १८५३ ला व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरात पहिला प्रयोग झाला, तेव्हाही लोक हसले होते. नायिका झालेली गायिका साल्व्हिनी-दोनातेल्ली अंगाने भरलेली, क्षयाची रोगी कुणाला पटेना. फज्जा उडाल्याचं ऑपेराचा संगीतकार व्हेर्दीनेच पत्रातून कळवलं. पुढच्या वर्षी, मे १८५४ मध्ये, त्याच गावात, सान बेनेदेत्तो थिएटरात, थोडे बदल करून आणि नवी गायिका घेऊन पुन्हा केलं, ते डोक्यावर घेतलं गेलं.

प्रश्नकर्ता
मी अंगाला नाही हो, आवाजाला हसलो!

प्रतिसाद २
मग थोडा दोष गायिकेचाही असेल. तिसऱ्या अंकातल्या व्हायोलेटाच्या 'आद्दिओ देल पास्सातो' या गाण्याच्या शेवटच्या वरच्या स्वरावर व्हेर्दीने लिहून ठेवलंय, आवाजाचा नुसता धागा हवा. तिथे पल्लेदार आवाज लावून टाळ्या घेतल्या की बाई ठणठणीत वाटणारच.

पण त्याआधीचं पत्र ऐकलंत का? अख्ख्या ऑपेरात गाणं चाललेलं, आणि प्रियकर अल्फ्रेदोच्या वडिलांचं पत्र व्हायोलेटा चक्क वाचते. गात नाही. खाली व्हायोलिनवर पहिल्या अंकातली अल्फ्रेदोच्या प्रेमाची धून. मी पाहिलेल्या प्रयोगात तिने कागद उघडलाच नव्हता. घडीवर अंगठा फिरवत पाठ म्हणत होती, घड्या झिजून फाटायला आलेल्या. वाचून होतं आणि ती म्हणते, 'उशीर झाला.' मी तोवर रंगमंचाच्या वर दिसणाऱ्या भाषांतराच्या ओळींकडेच बघत बसलो होतो, अंगठा दिसला आणि ओळी सुटल्या.

आणखी एक. पहिल्या अंकात प्रेमाची चाहूल लागते तेव्हा तिच्या तोंडी 'ए स्त्रानो' येतं, म्हणजे 'नवलच'. शेवटी वेदना थांबतात तेव्हाही तेच, आणि खाली पुन्हा अल्फ्रेदोच्या प्रेमाची तीच धून. बरं वाटलं म्हणून उठते आणि कोसळते.

प्रश्नकर्ता
'ए स्त्रानो' कानावरून गेलं खरं, पण मी तेव्हा खोकल्याचं नाटक करून हसू दाबत होतो. शनिवारची तिकिटं काढलीत. बायको येतेय, पण मध्ये एक खुर्ची सोडून बसणार म्हणाली.