कोकमच्या घरगुती ब्रँडसाठी मूडबोर्ड, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी आणि माझी जाऊ सावंतवाडीजवळ घरीच कोकम आगळ आणि आमसुलं करतो, आत्तापर्यंत ओळखीपाळखीत विकलं पण आता नीट ब्रँड करायचाय. लोगो करणारी ताई म्हणाली आधी मूडबोर्ड, म्हणजे ब्रँडसाठी मनात असलेले रंग, चित्रं, नक्षी एकत्र लावलेला फलक, करून पाठवा. पिंटरेस्ट उघडलं तर जे दिसतं ते छानच वाटतं आणि सगळं एकत्र ठेवलं की नुसती खिचडी होतेय.

मनात आहे ते असं, पिकलेल्या रातांब्याचा (कोकमच्या फळाचा) काळपट लाल, जांभ्या दगडाची भिंत, गंजिफ्याच्या गोल पत्त्यांवरची नक्षी आणि सुपात वाळणारी आमसुलं, मीठ लागून कडा पांढुरक्या झालेली. हे चारही एकत्र चालतील का एकच धरू? गंजिफा मला अजिबात सोडवत नाहीये.

दुसरं म्हणजे लेबलवर शाकाहारीचा हिरवा ठिपका ठळक दिसायलाच हवा, मग तो या लालवर कसा बसवायचा? आणि मोबाईलवरचा रंग छापल्यावर वेगळाच येतो, तर रंग आधी लेबलच्या कागदावर छापून बघून मगच बोर्डात घ्यायचे का? देवनागरी फॉन्टचे नमुने पण त्यातच टाकतात की वेगळे?

कुणी खाण्याच्या वस्तूंसाठी केला असेल तर प्लीज सांगा, तुमचा बोर्ड दाखवलात तर फारच बरं होईल.