भावाबद्दल मनात अढी असताना प्रार्थना कशी म्हणायची?

वेंगुर्ल्याचा होडीवाला: बाबा गेल्यावर होडी आम्हा दोघा भावांची झाली. दादाने मला न विचारता इंजिन विकलं आणि पैशांचा हिशेब आजवर दिला नाही. आता मासेमारीबंदी लागल्यापासून दोघे एकाच मांगरात (जाळी ठेवायच्या खोपीत) जाळी दुरुस्त करतो, पण बोलणं नाही. सुई हवी असली तरी पुतण्याकडून मागवतो. संध्याकाळी आई रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, धरते. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’मध्ये अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की माझी जीभ अडते. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातो, पण कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला उठत नाही. मनात राग असताना ते शब्द म्हणणं ढोंगच ना?

आंबेवाला: बायबलमध्ये मत्तय ५:२३-२४ वाचा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायचा. आजच जा, इंजिनाचा विषय सोडून द्या.

धर्मशिक्षिका, मालवण: आंबेवाले दादा, ते वचन ज्याने दुखावलंय त्याच्यासाठी आहे. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर जा, असं तिथे म्हटलंय. इथे दुखावले गेलेत हे होडीवाले. त्यांच्यासाठी मार्क ११:२५ आहे: प्रार्थनेला उभे असताना कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. म्हणजे मनात काहीतरी असणार हे प्रभूने धरूनच चाललंय.

होडीवाले भाऊ, ते ढोंग नाही. दुखणं न जाणवणं किंवा विसरणं आपल्या हाती नसतं, असं कॅथलिक धर्मशिक्षणही स्पष्ट सांगतं. आपल्या हाती असते ती इच्छा. त्या ओळीला गप्प बसू नका. आधी मनात म्हणा, ‘प्रभू, मला दादाचा राग येतोय, तरी त्याचं वाईट व्हावं असं मला वाटू देऊ नकोस.’ मग ओळ म्हणा. राग देवापासून लपवू नका. १०९ वं स्तोत्र उघडून बघा, किती जळजळीत आहे! तेही प्रार्थनाच आहे.

आणि क्षमा केली म्हणजे हिशेब बुडाला असं नव्हे. मत्तय १८:१५ मध्ये अपराधी भावाला एकांतात गाठून त्याचा दोष दाखवायला सांगितलंय. बायबलमधल्या योसेफाने त्याला विकून टाकणाऱ्या भावांना जवळ केलं, पण ते बदललेत का हे आधी पारखलं, धाकट्याच्या गोणीत चांदीचा पेला लपवून. तुम्ही इंजिनाचे पैसे जरूर विचारा. कम्युनियनचं मात्र एकट्याने ठरवू नका, पापनिवेदनात फादरांना सगळं सांगा.

वेंगुर्ल्याचा होडीवाला: स्तोत्र वाचलं. असं काही बायबलमध्ये असेल हे ठाऊकच नव्हतं. पुतण्यासमोर हा विषय नको, त्याला बाजारात पाठवून दादाशी बोलेन. पण त्याने उडवून लावलं तर?

धर्मशिक्षिका, मालवण: तरी प्रार्थना थांबवू नका, ती त्याच्या उत्तरावर अवलंबून नाही. हिशेबासाठी पुढच्याच वचनात आणखी एकदोघांना सोबत न्यायला सांगितलंय. दादा ज्यांचा शब्द मोडणार नाही असे कोणी मामा-काका आहेत का?

वेंगुर्ल्याचा होडीवाला: मोठे मामा आहेत. रविवारी मिस्सानंतर त्यांना भेटतो.