एकाच रायफलवर ससा आणि कोयोटी?

टेक्सासात शेती करणाऱ्या भावाला ससे आणि कोयोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखं अमेरिकेतलं रानटी जनावर), दोन्हींच्या शिकारीसाठी एकच सेमी-ऑटो (प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप भरणारी) रायफल सुचवा, असं तुम्ही विचारलंय. मी दोन घ्यायला सांगेन. सशांना .२२ एलआर हे लहान, कमी ताकदीचं काडतूस पुरतं. रुगर १०/२२ ही त्याच काडतुसाची, १९६४ पासूनची रायफल, सुटे भाग सहज मिळतात. मात्र आवाज कमी म्हणून सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाची) काडतुसं वापरली तर अनेकदा बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा सरकता भाग) पुरेसा मागे येत नाही आणि रिकामी पुंगळी अडकते. आधी चार प्रकारची काडतुसं कागदावर मारून पाहावीत. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. कोयोटीला .२२३ हे जास्त ताकदीचं काडतूस हवं, .२२ एलआरने जनावर जखमी होऊन तडफडतं. दुसरी गोळी झटपट मिळते म्हणून पहिली घाईत सोडणं मला अजिबात पटत नाही.

आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांनी मात्र रानडुकरांसाठी हा बेत करू नये. सेमी-ऑटो इथे साध्या परवान्यावर मिळत नाही आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे. पिकाचं नुकसान झालं तर लगेच वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्या.