पंप बदलण्याआधी थ्रॉटल सेन्सर तपासा

प्लग आणि एअर फिल्टर बदलूनही पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, असं तुम्ही लिहिलंय. वर दोघांनी फ्युएल पंप बदला म्हटलंय, पण एवढी घाई नको. पंप कमजोर असला की गाडी सहसा चढावर किंवा जास्त वेगात दम टाकते. तुमची सुरुवातीलाच अडखळते आणि मग नीट पळते.

माझा पहिला संशय थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडलंय ते सांगणाऱ्या सेन्सरवर. इग्निशन ऑन, इंजिन बंद. मल्टीमीटर सिग्नलच्या वायरला लावा आणि थ्रॉटल अगदी सावकाश उघडा. बऱ्याच गाड्यांत व्होल्टेज साधारण 0.5 पासून 4.5 पर्यंत सलग चढतं. मध्येच खाली आपटलं तर सेन्सरच्या आतला ट्रॅक, म्हणजे ज्यावर संपर्क घासत सरकतो ती पट्टी, झिजलाय समजा. झिजतो तो बहुधा सुरुवातीचाच भाग, कारण पाय कायम तिथेच खेळतो. डिजिटल मीटर अशी क्षणिक बुडी कधी कधी चुकवतो. काट्याचा जुना मीटर मिळाला तर उत्तम.

सेन्सर ठीक निघाला तर एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्यांत भेग आहे का बघा. नुसत्या नजरेला ती दिसत नाही.

आणि गाडी जुनी, कार्ब्युरेटरची (इंजेक्शनऐवजी त्यातच पेट्रोल आणि हवा मिसळते) असेल तर हे सगळं सोडा. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल झटकन उघडा, कार्ब्युरेटरच्या तोंडात अ‍ॅक्सिलरेटर पंपाची, म्हणजे पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पंपाची, धार लगेच पडते का तेवढं पाहा.