४,२९,४९,६७,२९७ मूळ आहे का?

ताई: ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का? कॅल्क्युलेटर न वापरता सांगा.

काकू: सम नाही, शेवटी ५ नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने जात नाही. ७ ने ५ उरतात, ११ नेही ५.

मामा: अशाने वर्गमुळापर्यंत जायचं तर ६५,५३६ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्या बघाव्या लागतील. त्या ६,५४२ आहेत.

आत्या: सगळ्या नको. ही संख्या म्हणजे २^३२ + १. गणितज्ञ फर्माचा अंदाज होता की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या रांगेतली, म्हणजे २^१ + १, २^२ + १, २^४ + १ अशी दर वेळी घातांक दुप्पट करत मिळणारी, प्रत्येक संख्या मूळ असणार. पहिल्या पाच आहेतच. ही सहावी, आणि १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने हिचे अवयव दाखवले.

ताई: कसे शोधले?

आत्या: समजा मूळ संख्या प ने हिला भाग जातो. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), म्हणून २^६४ ची बाकी १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्या बरोबर ६४ पायऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्याआधी नाही. आणि फर्माचंच प्रमेय सांगतं की २^(प−१) ची बाकीही १ असते. म्हणून प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. फर्माचा अंदाज खोडायचं हत्यार फर्मानेच देऊन ठेवलं होतं, हे मला फार आवडतं.

मामा: मग उमेदवार १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... 

काकू: ६४१ ने जातो! ६४१ × ६७,००,४१७. पाचव्यालाच सापडला.

काका: ६४१ साठी तर भागाकारही नको. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४ असंही आहे, म्हणजे ५^४ च्या जागी −२^४ चालेल. झालं −२^३२ ची बाकी १. म्हणून २^३२ + १ ला पूर्ण भाग!

ताई: काका, हे वहीत उतरवून घेतलं. किती सुंदर आहे!

मामा: हिच्यातून २ वजा करून बघा. ४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. तिच्या आधीच्या पाचही जणींचा गुणाकार. आणि पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी आज माहीत असलेला सर्वांत मोठा इतक्याच बाजूंचा आहे.

ताई: सातवी, २^६४ + १?

आत्या: तीही मूळ नाही. १८८० मध्ये फ्रेंच गणितज्ञ लांद्रीने तिचा २,७४,१७७ हा अवयव शोधला. ६५,५३७ नंतर या रांगेत अजून एकही मूळ संख्या सापडलेली नाही. सातवीसाठी ६४ ऐवजी १२८ च्या पटी बघायच्या.

ताई: २,७४,१७६ = १२८ × २,१४२. बसलं!