मोठी क्रॉपी: सोडायची की तव्यावर?

डॅलसकाठचा
टेक्सासात मार्च-एप्रिल म्हणजे क्रॉपी या गोड्या पाण्यातल्या मासळीचा हंगाम. पाणी साधारण 16 ते 20 अंश सेल्सियसवर आलं की ही मासळी खोलातून काठच्या उथळात अंडी घालायला येते. बोट नसलेल्या आमच्यासारख्यांनाही मग चार मासे मिळतात. नियम सोपा आहे. बहुतेक तलावांत 10 इंचांपेक्षा लहान लागली तर सोडायची, आणि माणशी दिवसाला जास्तीत जास्त 25 ठेवायच्या. मोठीचं काय करायचं ते मात्र नियम सांगत नाही, ते आपल्यावर.

माझं मत: 10 ते 12 इंची घरी न्याव्यात. 14च्या पुढची मापावी, फोटो काढावा आणि परत पाण्यात सोडावी. अशी मासळी एका तलावात असते तरी किती? पुढच्या माणसालाही लागू दे की. यावरून आमच्या कंपूत दर शनिवारी जुंपते. एक मित्र म्हणतो, "परवाना मासे धरायचा काढलाय, फोटोग्राफीचा नाही." तुम्ही काय करता?

गरी_आणि_दोरी
असहमत. बास मासळी सोडायची पद्धत तुम्ही क्रॉपीला लावताय. बास 10 वर्षांच्या वरही जगते, तिला सोडण्यात अर्थ आहे. क्रॉपीचं आयुष्य तोकडं. कुणाच्या गळाला लागो न लागो, बहुतेक पाच-सहा वर्षांत संपतातच. तुमची 14 इंची पुढच्या वर्षी 16ची होऊन भेटेल, याचा काय भरवसा?

आणि अंडी म्हणाल तर मोठी मादी लाखाच्या घरात घालते. त्यातली किती पिल्लं वाचणार हे वसंतातल्या पाण्यावर ठरतं. तलाव भरलेला असेल, काठची झुडपं पाण्याखाली असतील, तर पिल्लांना लपायला जागा मिळते. ऐन वेळी पाणी उतरलं की घरटी उघडी पडतात. म्हणूनच एखाद्या वर्षीची पैदास जोरात, तर पुढची दोन वर्षं काहीच नाही, असं होतं. एका मादीनं काय फरक पडतोय?

वेंगुर्लेकर_ह्यूस्टन
"एकानं काय फरक पडतोय" हे आमच्या गावात प्रत्येक जण म्हणायचा. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारे मासे, पोटं अंड्यांनी तट्ट फुगलेली, टोपल्या भरभरून धरले. आता चढणीला काय मिळतं ते जाऊन बघा. समुद्रात निदान जून-जुलैची बंदी आहे, नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटायची रीत आहे. ओढ्याला कोण विचारतो?

मी गाबोळीवाली सोडतो. शास्त्र काय म्हणायचं ते म्हणो, मला ती मारवत नाही. (गाबोळी मला भयंकर आवडते, याचीही नोंद घ्यावी.)

गरी_आणि_दोरी
वेंगुर्लेकर, भावना पोचल्या, पण चढणीच्या वेळी अख्खी वाट अडवली जाते. इथे माणशी मर्यादा आहे, वर 10 इंचांची अट. तेवढी होईपर्यंत क्रॉपी बहुधा एकदा तरी अंडी घालून मोकळी झालेली असते.

शिवाय मादीचा एवढा कळवळा, मग नराचं काय? ती अंडी घालून निघून जाते. घरटं राखतो नर. त्या दिवसांत काळाकुट्ट होतो, लगेच ओळखता येतो. तो उचललात की ब्लूगिल हे छोटे मासे टपलेलेच असतात, अंडी फस्त. तुमच्या हिशेबानं नर सोडायला हवा आणि मादी न्यायला हवी!

तळणकर_काकू
तुमचं चालू द्या. तळायला 10-11 इंचीच उत्तम. मोठीचा फिले जाड, आतून शिजेपर्यंत वरचा रवा करपतो. मोठी आणलीच तर कालवण करा, पण मसाला बेतानं. ही मासळी चवीला सौम्य आहे, मालवणी वाटपाखाली कळायचीच नाही. हळद, तिखट, आगळ, बस. अवांतर: मासे खाणारी मासळी जितकी म्हातारी तितका तिच्यात पारा जास्त. लहान मुलं घरात असतील तर त्या तलावाबद्दल राज्याची काही सूचना आहे का ते आधी बघत जा.

लाकडी_पूल
सोडली म्हणजे जगली, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. टेक्सासातल्याच लेक फोर्क या तलावावरचा थंडीतला नियम वाचा. डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे आकाराची अट नाही, आणि गळाला लागलेली प्रत्येक क्रॉपी ठेवावीच लागते. 25 झाल्या की थांबायचं. लेक ओ' द पाइन्सवरही तसंच. (जाण्याआधी चालू वर्षाचा नियम तपासा.)

कारण थंडीत ही मासळी खोलात दडी मारते. 30-40 फुटांवरून भराभर वर ओढली की पोटातला हवेचा भोत (पिशवी) फुगतो. डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून डोकावतं. अशी मासळी सोडली तर खाली जाऊच शकत नाही, एका कुशीवर गोल गोल फिरत राहते. मोठ्या मनानं लहान-लहान सोडत निघालेल्या बोटीमागे पांढऱ्या पोटांची रांग मी पाहिली आहे. सीगलांची चंगळ!

नवा_गडी_ऑस्टिन
धागाकर्त्याला +1, पण कारण वेगळं. 2018 साली लाइव्हस्कोप हा पाण्याखालचं चालू चित्र दाखवणारा सोनार आला आणि सगळं बदललं. बुडालेल्या झाडाजवळ मासे कुठे आहेत, त्यातला मोठा कुठला, हे पडद्यावर हलताना दिसतं. माणूस नेमका त्याच्याच नाकासमोर जिग (वजनदार गळाचं नकली आमिष) सोडतो. पूर्वी 25त एखाद-दुसरी मोठी असायची. आता ठरवलं तर मोठ्याच निवडून काढता येतात. मर्यादा तीच आहे, पण तलावावरचा भार तोच राहिलेला नाही.

गरी_आणि_दोरी
हे मात्र मान्य. मग नियमच करा ना, 25पैकी 14 इंचांवरच्या दोन किंवा तीन. सगळ्यांना सारखा. चार सज्जनांनी सोडायच्या आणि पाचव्यानं आइसबॉक्स भरायचा, याला काय अर्थ?

डॅलसकाठचा
नियम होईल तेव्हा होईल. लाकडी_पूल यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावरून मोठी नेलीच पाहिजे असं काही निघत नाही. वसंतात गुडघाभर पाण्यात लागलेली 15 इंची व्यवस्थित जगते. हात ओले करा, ओठ कागदासारखे पातळ असतात तेव्हा गळ हिसडू नका, आणि फोटोसाठी तिला ताटकळत ठेवू नका. ती मी सोडणारच. खोलातली लागली तर मोठी असो वा लहान, मापात बसली की घरी, आणि पुरेशा झाल्या की गळ गुंडाळायचा. तिथे "आता नुसतं गंमत म्हणून" बंद.

एक अपवाद राहिला. मित्राच्या शेततळ्यात क्रॉपी इतक्या झाल्यात की सगळ्या बोटभरच्या, वाढतच नाहीत. खासगी तळं आहे, तिथे लहान भरपूर काढा, मोठ्या राहू द्या.

वेंगुर्लेकर_ह्यूस्टन
त्या शेततळ्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लहान तर लहान, कुरकुरीत तळू.

गरी_आणि_दोरी
उथळातली सोडा, माझी हरकत नाही. फक्त सोडून झाल्यावर माझ्या आइसबॉक्सकडे बघून चुकचुकायचं नाही.